बालसैनिकाचं आत्मकथन लघुप्रबंधासाठी घ्यावं का? तारखांच्या वादासकट एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी विद्यार्थिनी एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी तिने सिएरा लिओनच्या यादवी युद्धात बालसैनिक असलेल्या इश्माएल बेआचं 'अ लाँग वे गॉन' हे आत्मकथन निवडलं. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) द्यायच्या वेळी विभागातून तिला सांगण्यात आलं, की या पुस्तकातल्या तारखा खोट्या निघाल्या आहेत, व्हायवात (तोंडी परीक्षेत) अडकशील, विषय बदल. आता तिला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत: विषय बदलावा का, न बदलल्यास कोणता सिद्धांत लावावा, आणि पुस्तक सलग वाचवत नाही, मधेच मिटून ठेवावं लागतं, याचं काय करावं.

मी पदव्युत्तर वर्गांना इंग्रजी साहित्य शिकवते. माझ्याकडचे बरेचसे लघुप्रबंध आत्मकथनांवर आणि युद्धाच्या साक्षींवर झालेले आहेत. माझं उत्तर सरळ आहे: विषय बदलू नका. प्रश्न मात्र बदला. 'हे पुस्तक खरं की खोटं' हा न्यायालयाचा किंवा पत्रकाराचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर तुम्ही सहा महिन्यांत, ग्रंथालयात बसून देऊ शकणार नाही. तुम्हाला देता येईल असा प्रश्न वेगळा आहे: पंचविशी ओलांडलेला, अमेरिकेत शिकलेला माणूस स्वतःतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाची गोष्ट कशी मांडतो, कुठे थांबतो, काय कुणाच्या तोंडी घालतो, आणि त्या मांडणीवर ऐकणाऱ्यांचा किती हात आहे? तारखांचा वाद या प्रश्नात आपोआप सामावतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. विभाग फक्त संहितेवर भर देणारा असेल, तर इतिहासाला एक प्रकरण पुरे. आंतरविद्याशाखीय काम चालत असेल, तर कायदा आणि मानसशास्त्र यांनाही जागा देता येईल. लघुप्रबंध साठ-सत्तर पानांचा असेल, तर दोन पुस्तकांची तुलना करायच्या भानगडीत पडू नका. आणि मार्गदर्शकांचाच या विषयाला मनापासून विरोध असेल, तर मी काहीही सांगितलं तरी तुमचं वर्ष कष्टात जाईल. त्यांच्याशी आधी बोला, आणि बोलायला जाताना खाली सांगितलेली वही भरून न्या.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी कथाभाग. बेआचा जन्म 1980 चा. पुस्तकातल्या तारखेप्रमाणे जानेवारी 1993 मध्ये तो बारा वर्षांचा असताना मोठा भाऊ ज्युनियर आणि एका मित्राबरोबर मोग्बवेमो या आपल्या गावातून मट्रु जाँगला निघतो. तिथे रॅप-नाचाच्या कार्यक्रमात भाग घ्यायचा असतो. मागे गावावर हल्ला होतो, घरचे सुटतात ते कायमचे. पुढे कित्येक महिने रानोमाळ भटकंती, भुकेने जीव व्याकूळ, आणि ज्या गावात जावं तिथे लोक या मुलांनाच बंडखोर समजून घाबरतात. मग येले या गावात सैन्याच्या ताब्यात, हातात एके-47, गांजा, गोळ्या, कोकेन आणि बंदुकीच्या दारूचं मिश्रण. जानेवारी 1996 मध्ये युनिसेफची माणसं त्याला सैन्यातून काढून फ्रीटाउनच्या बेनिन होम या पुनर्वसन केंद्रात आणतात. तिथे एस्थर नावाची नर्स भेटते, पुढे काका भेटतो, संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमासाठी तो न्यूयॉर्कला जाऊन येतो. मे 1997 मध्ये फ्रीटाउनमध्ये लष्करी उठाव होतो आणि तो देश सोडून गिनीला पळतो. पुस्तक 2007 मध्ये आलं.

आता वाद. जानेवारी 2008 मध्ये 'द ऑस्ट्रेलियन' या वृत्तपत्राने लिहिलं, की मट्रु जाँगवरचा हल्ला 1993 मध्ये नव्हे तर 1995 मध्ये झाला. म्हणजे बेआ दोन वर्षांहून जास्त नव्हे तर काही महिनेच सैनिक होता, आणि तेव्हा तो पंधराच्या आसपास होता. बेनिन होममध्ये दोन्ही बाजूंच्या मुलांची मारामारी होऊन सहा जण मेल्याचा जो प्रसंग पुस्तकात आहे, त्यालाही पुरावा सापडला नाही असं पत्रकारांचं म्हणणं. बेआ आणि त्याचे प्रकाशक आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. तुमच्या विभागात 'खोट्या निघाल्या' म्हणतात ते या बातम्यांवरून. नेमकं बोलायचं तर तारखांना आव्हान दिलं गेलं आणि लेखकाने ते मान्य केलं नाही. लघुप्रबंधात हे असंच, दोन्ही बाजू सांगून, पहिल्याच प्रकरणात लिहा. जो मुद्दा तुम्ही स्वतः आधी मांडता, त्यावरून व्हायवात कुणी तुम्हाला कोंडीत पकडू शकत नाही.

पण नुसतं सांगून थांबू नका, संहितेत उतरा. मी विद्यार्थ्यांना एक वही करायला लावते. पुस्तकात जिथे जिथे काळाचा उल्लेख येतो तिथे पान क्रमांक, नेमके शब्द, आणि निवेदकाला तो काळ कशावरून कळला असावा, अशा तीन रकान्यांत नोंद करायची. काम कंटाळवाणं आहे, पण यातून जे दिसतं ते टीकेच्या कुठल्या पुस्तकात आयतं मिळणार नाही. सुरुवातीला महिना-साल आहे. मट्रु जाँग सुटल्यावर कॅलेंडर जवळजवळ नाहीसं होतं. उरतात ते चालण्याचे दिवस, रात्री, चंद्र, पाऊस. सैन्यात तर दिवस आणि रात्र हेही एकमेकांत मिसळून जातात, कारण मुलं सतत नशेत आहेत. आणि 'जानेवारी 1996' हा उल्लेख पुन्हा येतो तो युनिसेफच्या गाड्यांबरोबर. म्हणजे कॅलेंडर येतं ते संस्थेबरोबर: शाळा असताना होतं, पुनर्वसन केंद्र आल्यावर परत आलं. मधल्या काळाला तारीख लावणारं त्या मुलाभोवती कुणीच नव्हतं. याने 1993 बरोबर ठरत नाही आणि चूकही ठरत नाही. पण वाद नेमका कुठे उभा राहतो आणि तिथेच का, हे तुम्ही संहितेतून दाखवू शकता.

इथे आणखी एक गुंता लक्षात घ्या. बेआ पुस्तकात म्हणतो की त्याची स्मरणशक्ती लहानपणापासून तल्लख आहे, आजोबांनी दिलेल्या औषधाने ती तशी झाली. पत्रकारांनी तारखा तपासल्या तेव्हा हा दावाही उलटा त्याच्यावर आला. अभ्यासक म्हणून तुम्ही विचारायचं, की आत्मकथनकाराला असा दावा करायची गरज का पडते? मला वाटतं, कागदोपत्री पुरावा ज्याच्याजवळ काहीच उरलेला नाही, घर नाही, फोटो नाही, शाळेचा दाखला नाही, तो स्वतःच्या आठवणीलाच पुरावा म्हणून उभा करतो. आणि मग आठवणीवर सगळा भार येतो.

वयाचा प्रश्न कायद्यातही महत्त्वाचा आहे, आणि ही बाब विद्यार्थ्यांच्या हातून हमखास निसटते. जिनिव्हा करारांचा 1977 चा दुसरा अतिरिक्त प्रोटोकॉल आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा रोम कायदा, दोन्ही 15 वर्षांखालच्या मुलांच्या भरतीवर रेघ ओढतात. फेब्रुवारी 2007 मध्ये ठरलेली पॅरिस तत्त्वं मात्र 18 पर्यंतच्या प्रत्येकाला मूल धरतात, आणि फक्त बंदूक चालवणाऱ्याला नव्हे तर स्वयंपाकी, हमाल, निरोप्या, हेर अशा कामांना वापरलेल्यांनाही धरतात. पत्रकारांची तारीख मानली तर बेआ पहिल्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे हा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या रेषेच्या आत तो दोन्ही हिशेबांत आहेच. पंधरा वर्षांच्या मुलाला कोकेन देऊन लढायला लावणं तेरा वर्षांच्या मुलाला लढायला लावण्यापेक्षा कमी भयंकर आहे, असं कुणी म्हणणार असेल तर त्याने ते उघड म्हणावं.

दुसरी गोष्ट, जी जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी चुकीची लिहितं: बेआला बंडखोरांनी पळवून नेलं नव्हतं. तो सरकारी सैन्यात होता. 'बालसैनिक' म्हटलं की आपल्या डोक्यात बंडखोरांची टोळीच येते, म्हणून वाचताना हे नजरेतून सुटतं. सिएरा लिओनमध्ये आरयूएफ (रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट) ही बंडखोर संघटना, सरकारी सैन्य आणि कामाजोर हे गावरक्षक दल, सगळ्यांनीच मुलं वापरली. जून 2007 मध्ये सिएरा लिओनच्या युद्धातल्या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाने ज्या निकालात मुलांच्या भरतीबद्दल दोषी ठरवलं (आंतरराष्ट्रीय न्यायपीठाकडून असं पहिल्यांदाच घडलं), त्यातले तिघे आरोपी 1997 च्या उठावातून सत्तेवर आलेल्या लष्करी गटाचे होते. येलेमध्ये लेफ्टनंट मुलांना पर्याय देतो, राहून लढा किंवा गाव सोडून जा. बाहेर अन्न नाही, बंडखोर आहेत, आणि निघून जाऊ पाहणाऱ्यांचं काय झालं ते मुलांना दाखवलं जातं. अशा निवडीला 'स्वेच्छा' म्हणायचं का, यावर तुम्ही पाच पानं सहज लिहू शकता, आणि ती कामाची पानं असतील.

आता संहितेच्या आत. पुस्तकात एकूण 21 प्रकरणं आहेत. प्रत्यक्ष सैनिकी आयुष्य साधारण बाराव्यापासून चौदाव्यापर्यंत, म्हणजे तीनेक प्रकरणांत आटोपतं. उपशीर्षकात 'बालसैनिक' असलेल्या पुस्तकात पळापळीला निम्म्याहून जास्त जागा आहे आणि बरं होण्याला उरलेल्यातली बहुतेक. मग मारलेल्यांचं काय? ते बऱ्याच प्रमाणात नंतर येतं, बेनिन होममध्ये, एस्थरशी बोलताना किंवा स्वप्नांतून. पायाला गोळ्या लागल्याचा आणि त्याचा सूड कैद्यांवर उगवल्याचा प्रसंग, जो पुस्तकातला सर्वांत क्रूर भाग आहे, तो रणांगणावरच्या प्रकरणात नाही. तो एस्थरला सांगितलेला आहे. म्हणजे समोर कुणीतरी माया करणारं, ऐकून न हादरणारं माणूस बसलेलं असतानाच ते सांगता येतं. आणि वाचकही तो प्रसंग एस्थरच्या शेजारी बसून ऐकतो. ही रचना लक्षात घेतल्याशिवाय 'लेखकाने हिंसेचं प्रभावी चित्रण केलं आहे' असलं वाक्य लिहू नका. त्या वाक्यातून परीक्षकाला काहीच कळत नाही.

एक तुकडा अगदी जवळून वाचून दाखवते, म्हणजे पद्धत कळेल. प्रशिक्षणात मुलांना संगीन देऊन केळीच्या झाडांवर वार करायला लावतात. कॉर्पोरल ओरडून विचारतो, आईबापांना मारणाऱ्यांना तुम्ही असंच भोसकणार का? मुलं जोर वाढवतात. आता काही पानं मागे जा. त्या मुलांना गासेमू नावाचा ओळखीचा माणूस भेटलेला असतो. तुझे घरचे पलीकडच्या गावात आहेत असं तो इश्माएलला सांगतो आणि केळीचे घड वाहायला मुलांची मदत घेतो. ओझ्यामुळे सगळे वाटेत टेकडीवर टेकतात. तेवढ्यात खालच्या गावातून गोळीबार ऐकू येतो. पोचेपर्यंत गाव जळालेलं असतं. त्या विसाव्याने मुलगा वाचला आणि त्याच विसाव्याने आईवडिलांना भेटायचा राहिला. तो गासेमूवर धावून जातो. हे वाचलेल्या वाचकासाठी पुढे संगीन ज्या झाडात घुसते ते कुठलंही झाड राहत नाही. लेखकाने हे मुद्दाम जुळवलं, की घडलं तसं लिहिलं आणि जुळून आलं, हे ठरवायची गरज नाही. कॉर्पोरल ज्या दुःखाला हात घालतो ते दुःख संहितेत आधीच केळीशी बांधलं गेलेलं आहे, एवढं दाखवलंत तरी तुमचं वाचन उभं राहतं.

तशीच रॅपच्या कॅसेटची साखळी. भटकताना गावकरी मुलांना बंडखोर समजून पकडतात, खिशात कॅसेट सापडते, मुखिया ती लावायला लावतो, मुलं नाचून दाखवतात आणि जीव वाचतो. सैन्यात भरती होताना जुने कपडे आगीत टाकले जातात, त्यात कॅसेटही जळते. बेनिन होममध्ये एस्थर वॉकमन आणि नवी कॅसेट आणून देते. विद्यार्थी इथे 'कॅसेट म्हणजे निरागसतेचं प्रतीक' लिहून मोकळे होतात. मला ते अपुरं वाटतं. कॅसेट ही त्या मुलाची ओळखपत्रासारखी वस्तू आहे. तो कोण हे परक्यांना पटवून देणारी दुसरी कुठलीच गोष्ट त्याच्याकडे नाही, आणि ती वस्तू अमेरिकेतून आलेली आहे. पुढे अमेरिकन वाचकालाही हा मुलगा 'आपल्यासारखा' वाटतो तो याच संगीतामुळे. 2007 मध्ये हे पुस्तक अमेरिकेत स्टारबक्सच्या कॉफीच्या दुकानांतून विकलं गेलं, हे इथे आठवा. कुणाच्या कानाला ही गोष्ट ओळखीची वाटावी अशी रचली गेली, हा प्रश्न विचारणं लेखकावर अन्याय नाही.

'यात तुझा काही दोष नाही' हे वाक्य बेनिन होममधला प्रत्येक माणूस या मुलांना ऐकवतो. सुरुवातीला मुलं त्याने चिडतात. पुढे एस्थरच्या तोंडून ऐकताना इश्माएलला ते हळूहळू पटू लागतं. मी वर्गात या वाक्यावर पूर्ण तास घेते. ते दयेचं वाक्य आहे, आणि त्याचबरोबर ते पुनर्वसनाच्या धोरणाचं वाक्य आहे. विशेष न्यायालयाच्या कायद्यात 15 ते 18 वयोगटावर खटला चालवायची तरतूद होती, पण फिर्यादी पक्षाचे मुख्य वकील डेव्हिड क्रेन यांनी मुलांवर खटले भरणार नसल्याचं जाहीर केलं. मी या निर्णयाच्या बाजूची आहे. पण दोष नाही म्हणजे केलंच नाही असं होत नाही, आणि बेआ तसं भासवतही नाही. तुम्ही क्रियापदं बघा. पहिल्या चकमकीत तो आधी गोळीच झाडू शकत नाही. शेजारी जोसाया पडतो. अकरा वर्षांचं ते पोर, ज्याला बंदूक धड पेलतही नव्हती. सोबतचा मित्र मूसाही मरतो. त्यानंतरच्या वाक्यांत कर्ता स्पष्ट 'मी' आहे: मी बंदूक उचलली, मी माणूस मारला. पुढच्या प्रकरणांत हा 'मी' कुठे 'आम्ही' होतो, कुठे आज्ञा देणाऱ्यामागे जातो, याची नोंद त्याच वहीत वेगळ्या पानावर करा.

मुलींबद्दल एक स्वतंत्र टिपण हवंच. या पुस्तकात लढणाऱ्या किंवा तळावर राबणाऱ्या मुली जवळपास दिसत नाहीत. प्रत्यक्षात त्या मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांच्यावर कमांडरांच्या 'बायका' होऊन राहण्याची सक्ती झाली. युद्धानंतर निःशस्त्रीकरणाच्या औपचारिक प्रक्रियेतून सुमारे 7 हजार मुलं गेली. त्यांत मुली फारच थोड्या. बंदूक जमा करा आणि मदत घ्या अशा धर्तीवर काम चाललं, तेव्हा जिच्या हाती कधी बंदूकच दिली नव्हती ती रांगेत कशी उभी राहणार? सक्तीचा विवाह हा मानवतेविरुद्धचा स्वतंत्र गुन्हा म्हणून विशेष न्यायालयाच्या अपील पीठाने फेब्रुवारी 2008 मध्ये मानला. बेआने मुलींची गोष्ट सांगायला हवी होती असा आक्षेप घेऊ नका, तो स्वतःचं आयुष्य लिहीत होता. पण जगभरच्या अभ्यासक्रमांत बालसैनिक म्हणून एका मुलाचा चेहरा पक्का होतो तेव्हा कुणाचे चेहरे मागे पडतात, हे लिहिणं तुमचं काम आहे.

इतिहासाचं प्रकरण लहान पण नेमकं ठेवा. युद्ध मार्च 1991 मध्ये लायबेरियाच्या सीमेवरून कैलाहुन जिल्ह्यात शिरलेल्या आरयूएफमुळे सुरू झालं आणि जानेवारी 2002 मध्ये संपल्याचं जाहीर झालं. मारल्या गेलेल्यांचा आकडा साधारण 50 हजार सांगितला जातो. आरयूएफचा नेता फोडे सांकोह, लायबेरियाचा चार्ल्स टेलर, कोनो जिल्ह्यातल्या हिऱ्यांच्या खाणी, आधीची एकपक्षीय सत्ता, 1992 चा लष्करी उठाव, दिवसा सैनिक आणि रात्री लुटारू असलेले लोक, यातलं फारच थोडं बेआच्या पुस्तकात आहे, कारण त्या मुलाला ते माहीत नव्हतं. ही त्रुटी समजू नका. मात्र वाचकाने ती जागा भरली नाही, तर 'आफ्रिकेत असंच चालतं' हा आळशी समज तिथे येऊन बसतो. भारतीय वाचकाला या युद्धाशी जोडणारे दोन खरे धागे आहेत. पैलू पाडण्याचं जगातलं सर्वांत मोठं काम सुरतेत चालतं आणि हिऱ्यांचा मोठा बाजार मुंबईत आहे, त्यामुळे सिएरा लिओनच्या कच्च्या हिऱ्यांवर संयुक्त राष्ट्रांनी जुलै 2000 मध्ये घातलेली बंदी आणि 2003 पासूनची किंबर्ली प्रमाणपत्र व्यवस्था (बंडखोरांना पैसा पुरवणारे हिरे बाजारात येऊ नयेत म्हणून केलेली) हा आपल्यापासून दूरचा विषय नाही. आणि त्याच जुलैमध्ये, कैलाहुनला बंडखोरांच्या वेढ्यात अडकलेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या भारतीय सैनिकांना 'ऑपरेशन खुकरी' करून सोडवण्यात आलं. त्या शांतिसेनेचे पहिले सेनापतीही भारतीय होते, मेजर जनरल विजय जेटली. हे तळटिपेत घालायला हरकत नाही, पण त्यावर प्रकरण बेतू नका. पुस्तकाचा काळ त्याआधी संपतो.

सिद्धांत कोणता? आघात सिद्धांताकडे (ट्रॉमा थिअरी) सगळे धावतात, कारण त्यावरचं साहित्य सहज मिळतं. आघात शब्दांत पकडता येत नाही हे त्यातलं सूत्र बेआला सरसकट लावलं तर अडचण होते. हा माणूस बोलतो, नीट बोलतो, गोष्टीवेल्हाळ आहे. आजीच्या आणि गावच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी, चंद्राबद्दल ऐकलेलं, शेवटची माकडाची कथा, हे सगळं मौखिक परंपरेतून येतं. शिवाय पुस्तकाचा पाया अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजात, लेखनाच्या वर्गात घातला गेला. म्हणून मी 'साक्ष' (टेस्टिमनी) या अंगाने जायला सांगेन. ग्वातेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू यांच्या साक्षकथनाचा वाद नक्की वाचा. 1992 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, 1999 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड स्टोल यांनी त्यांच्या तपशिलांना आव्हान दिलं, आणि त्यातून एकाचं कथन समूहाचं कधी होतं, यावर भरपूर लिहिलं गेलं. तुमच्या पेचासाठी लागणारी शब्दसंपदा तिथे तयार आहे. मराठीत दलित आत्मकथनांवर 'असं खरंच घडलं का', 'हे कशाला सांगायचं' असे प्रश्न विचारले गेले आणि त्यांना उत्तरंही दिली गेली. तुम्ही त्या चर्चेत वाढलेल्या वाचक आहात. दुःखाची सरमिसळ न करता, पण त्या वादातून मिळालेली समज घेऊन हे पुस्तक वाचलंत तर तुमचं काम इतरांपेक्षा निराळं होईल.

मानसशास्त्रातलं एखादं बोट धरायचं असेल, तर संशोधक थेरेसा बेटनकोर्ट यांच्या गटाचं काम बघा. त्यांनी 2002 पासून सिएरा लिओनमधल्या अशा मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पुढे कोण सावरलं हे फक्त युद्धात काय घडलं यावरून ठरलं नाही. गावाने परत घेतलं का, शाळा मिळाली का, लोकांनी दूषणं दिली का, याचाही मोठा वाटा होता. या प्रकाशात काकाच्या घरी राहायला गेल्यावरची प्रकरणं पुन्हा वाचा, जी सहसा 'शेवट गोड' म्हणून घाईने उलटली जातात.

आता तुमची तिसरी अडचण, सलग न वाचवण्याची. हे अभ्यासातलं अपयश मानू नका. पहिलं वाचन दिवसा, दोन-तीन प्रकरणं करत, नोट्स न काढता करा. दुसरं वाचन वही घेऊन, आणि तेव्हा प्रकरणांचा क्रम मोडला तरी चालेल. बाराव्यापासूनचा भाग रात्री झोपायच्या आधी वाचू नका. सादरीकरणात क्रूर प्रसंगांचे लांब उतारे स्लाइडवर लावू नका. समोर बसलेल्यांत कुणावर काय गुजरलंय आपल्याला ठाऊक नसतं, आणि तुमच्या मुद्द्याला त्यांची गरजही नसते. वाचताना स्वतःचं काही जुनं वर येऊन झोप, जेवण बिघडत असेल तर मार्गदर्शकांना तसं सांगून काही दिवस इतिहासाच्या प्रकरणावर काम करा, आणि कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांना भेटा.

सिनॉप्सिससाठी शीर्षक साधं ठेवा, 'इश्माएल बेआच्या आत्मकथनातील काळ, कर्तेपण आणि श्रोता' इतकंच. उद्दिष्टं तीनच लिहा, याच तीन शब्दांवर. व्हायवात 'पुस्तक खोटं आहे ना?' असं विचारलं गेलं, तर आधी वादाची दोन वाक्यांत माहिती द्या, मग काळाच्या वहीतला तक्ता दाखवा. परीक्षक पुढचा प्रश्न तक्त्यावरच विचारतात, असा माझा अनुभव आहे. या आठवड्यात सिनॉप्सिसला हात लावू नका. आधी पहिल्या दहा प्रकरणांचे काळाचे उल्लेख उतरवून काढा आणि ती पानं घेऊन मार्गदर्शकांकडे जा.